सोलापूरकरांनी ऊन विकत घेऊ नये

ब्रिस्बेन

ती. आप्पाकाका व सौ. काकू यांस,



गोल्ड कोस्टला समुद्रासमोरच्या इमारतीत, जमलं तर चाळिसाव्या मजल्याच्या वर, खोली बघून ठेवा असा तुमचा निरोप मिळाला. आज्ञा शिरसावंद्य. फक्त पैसे भरण्याआधी आमचं एक म्हणणं ऐकून घ्या. ते घरच्या ग्रुपवर मांडलं असतं, पण तिथे तीन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही आणि न वाचताच अंगठे दाखवतात, म्हणून हे पत्र. म्हणणं असं: मुक्काम समुद्रावर नको, मागच्या डोंगरात करा. समुद्राला एक सकाळ द्या, फार तर दोन. इथे येणारे बहुतेक पाहुणे याच्या बरोबर उलट करतात हे आम्हांला ठाऊक आहे. पण ते पाहुणे सोलापूरचे नसतात, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

गोल्ड कोस्ट हे गाव ऊन विकून मोठं झालंय. आज जिथे उंच इमारतींची रांग दिसते त्या सर्फर्स पॅराडाइजचं मूळचं नाव एल्स्टन. १९२५ मध्ये जिम कॅव्हिल नावाच्या गृहस्थाने तिथे हॉटेल बांधलं, त्याला सर्फर्स पॅराडाइज असं झोकदार नाव दिलं, आणि पुढे १९३३ मध्ये अख्ख्या गावानेच हॉटेलचं नाव घेतलं. ‘गोल्ड कोस्ट’ म्हणजे सोन्याचा किनारा हे नाव तर सुरुवातीला ब्रिस्बेनच्या वार्ताहरांनी तिथले जागांचे भाव बघून कुचेष्टेने वापरलं होतं. नगरपालिकेने १९५८ मध्ये ते सरळ अधिकृत करून टाकलं. टोमणा पाटीवर लावून त्यावर धंदा करणारी माणसं ही, त्यांच्याशी घासाघीस करायला जाऊ नये. पार्किंगची मीटरं बसली आणि गिऱ्हाईक दंडाला बिचकेल अशी भीती वाटली, तर १९६५ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी सोनेरी बिकिनीतल्या मुली नेमल्या. वेळ संपलेल्या मीटरमध्ये त्या स्वतः नाणी टाकायच्या. (काकू, हे आप्पाकाकांना वाचून दाखवताना गाळलंत तरी पुढचं अडणार नाही.) सांगायचं एवढंच की इथलं ऊन हा माल आहे आणि तो थंडीने गारठलेल्या मेलबर्नकरांसाठी बाजारात आणलेला आहे. सोलापूरच्या माणसाने विमानाचं तिकीट काढून ऊन बघायला येणं हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ते तुमच्याकडे चाळीस अंशांच्या पुढे, घरपोच आणि फुकट मिळतं.

बरं, इथलेच लोक या उन्हाबद्दल काय सांगतात तेही पाहा. क्वीन्सलँड हे त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत जगात वरच्या क्रमांकावर असलेलं राज्य. १९८१ पासून जाहिरात चालू आहे: सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला. म्हणजे एकाने ‘उन्हात या’ म्हणून बोलवायचं आणि दुसऱ्याने ‘उन्हात जाऊ नका’ म्हणून बजावायचं. भरीला भर अशी की हा किनारा पूर्वेचा. सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. त्यामुळे कोकणासारखा सूर्यास्त इथे पाण्यावर मिळत नाही. शिवाय हिवाळ्यात दुपार कलली की त्याच चाळीस-साठ मजली इमारतींची सावली सर्फर्स पॅराडाइजच्या वाळूवर पडते. समुद्र दिसावा म्हणून बांधलेल्या इमारती समुद्रावरचं ऊन अडवतात, आणि त्या खोलीचं भाडं मात्र ऊन धरून लावलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, ऊन राहू दे, वाळू तर खरी आहे! मैलोन्मैल पसरलेली ती सोनेरी पुळण कुणी बांधली? आप्पाकाका, बरीचशी बांधलीच आहे हो. या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वाळू सतत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत नेतात. वर्षाला अंदाजे पाच लाख घनमीटर वाळू अशी चालत असते. हा प्रवास हजारो वर्षं बिनबोभाट चालला होता. मग १९६०च्या दशकात ट्वीड नदीच्या मुखाशी, होड्यांना वाट मोकळी राहावी म्हणून, समुद्रात आत जाणारे दगडी बांध लांबवले. होड्यांची सोय झाली, पण वाळू बांधाच्या दक्षिणेला अडून बसली आणि उत्तरेकडच्या कूलंगाटा, किरा या पुळणी उपाशी राहिल्या. त्यात १९६७ साली एकामागून एक वादळं आली. किनारा इतका खरवडला गेला की समुद्र लोकांच्या अंगणाशी आला. तेव्हापासून या गावाने वाळूची चाकरी पत्करली आहे. साउथपोर्टजवळची नवी समुद्रवाट १९८६ मध्ये खुली झाली, ती वाळू पलीकडे नेण्याच्या पंपांसकटच. ट्वीडच्या मुखाशी २००१ पासून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांनी मिळून दुसरी तशीच यंत्रणा चालवली आहे. तिथे समुद्रात काढलेल्या लांब धक्क्याखाली ओळीने पंप बसवलेत. लाटेने आणलेली वाळू धक्क्याखाली साठली की पंप ती पाण्यासकट ओढून घेतात, आणि हा करडा राडा नळातून नदीच्या तळाखालून पलीकडे, पार क्वीन्सलँडच्या हद्दीत नेऊन ओततात. ओतण्याच्या जागी तो चिखलच दिसतो. दोन-चार लाटांनी धुतला की त्याची सोनेरी पुळण होते आणि लोक तिच्यावर टॉवेल अंथरतात. दुष्काळात आपल्याकडच्या गावांना पाण्याचा टँकर लागतो, तसा या किनाऱ्याला वाळूचा लागतो, फरक एवढाच की हा टँकर कधी बंद होत नाही. २०१७ मध्ये वेगळी मोहीम काढून समुद्रतळातून तीस लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर आणून घातली. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळ आलं आणि सपाट पुळणीच्या जागी माणसापेक्षा उंच वाळूचे कडे उभे राहिले. पुन्हा यंत्रं लागली.

यात गंमत अशी की वाळू आली तरी सगळे खूश नाहीत. ट्वीडचे पंप सुरू झाल्यावर स्नॅपर रॉक्सपासून पुढे एक लांबलचक वाळूचा बांध तयार झाला. त्यावर फुटणारी लाट इतकी लांब पळते की जगभरचे सर्फर तिला ‘सुपरबँक’ म्हणून सलाम करतात. पण किराची जुनी, त्याहून नावाजलेली लाट त्याच वाळूखाली दबली आणि किराचे जुने जाणते चिडले. पुळण मागणारे आणि लाट मागणारे यांचं भांडण सरकारदरबारी कितीतरी वर्षं चाललं. आपल्याकडे कालव्याच्या पाळीवरून चालतं त्याच जिद्दीने चाललं, असं म्हणायला हरकत नाही.

आता हे सगळं सांगून आम्ही किनाऱ्याची बदनामी करतोय असं समजू नका. उलट पन्नास-साठ वर्षं समुद्राशी हिशेब मांडून बसणं ही मोठी अभियांत्रिकी आहे, आणि पंपाची वाळू पायांना बोचत नाही. प्रश्न पाहुण्याला त्यातून काय मिळतं हा आहे. ज्याला फळीवर उभं राहता येतं त्याच्यासाठी हा किनारा स्वर्ग आहे, वादच नाही. ज्याला येत नाही, त्याने काय करायचं? पोहायचं, तर फक्त लाल-पिवळ्या निशाणांच्या मधे. ती निशाणं जीवरक्षक रोज पाणी बघून लावतात, कारण लाटांच्या मधल्या शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच पाणी माणसाला आत ओढून नेतं. पोहता न येणाऱ्याला शांत पट्टा बरा वाटतो आणि बुडणारे नेमके तिथेच सापडतात. आपल्या घराण्याचं पोहणं सिद्धेश्वर तलावाकडे बघण्याच्या पुढे गेलेलं नाही. तेव्हा तुमच्या वाट्याला समुद्र किती येणार? घोट्यापर्यंत. घोटे भिजवून झाले की भेळेची गाडी शोधायची आपली रीत, आणि ती गाडी इथे नाही. म्हणून म्हटलं, एक सकाळ पुरे.

याच किनाऱ्यापासून गाडीने तासाभराच्या आत वाट चढू लागते आणि हवा बदलते. इथली माणसं या मागच्या डोंगराळ भागाला हिंटरलँड म्हणतात. तो बनला कसा हे तुम्हांला सांगायला फार शब्द नकोत, कारण आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे एक अवाढव्य ज्वालामुखी होता. त्याच्या झिजलेल्या कडा म्हणजे आजचे लॅमिंग्टन आणि स्प्रिंगब्रुकचे डोंगर. पायाखाली तोच काळा पाषाण आणि त्यावर सदाहरित जंगल. खालच्या गावाचा सगळा पराक्रम बांधण्यातला, वरच्या डोंगराचा राखण्यातला. टॅम्बोरीन डोंगरावरचं विचेस फॉल्स हे क्वीन्सलँडमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९०८ मधलं, आणि लॅमिंग्टनचं १९१५ मधलं, म्हणजे खालच्या हॉटेलाचीही वीट बसायच्या आधीचं. लॅमिंग्टनसाठी आधी रॉबर्ट कॉलिन्स झगडले आणि उद्यान होण्यापूर्वीच वारले. मग रोमिओ लाही या तरुण अभियंत्याने गावोगाव सह्या गोळा केल्या. गंमत अशी की लाही घराण्याचा धंदा लाकडाच्या वखारीचा. वखारवाल्याच्या पोराने झाडं वाचवायला सरकारकडे खेटे घालावेत, ही गोष्ट घरी जेवणाच्या पानावर कशी चर्चिली गेली असेल याची कल्पना करून पाहा.

आणि हा लॅमिंग्टन कोण? तुमच्या ओळखीचाच. १८९६ ते १९०१ मध्ये क्वीन्सलँडचे गव्हर्नर असलेले हे लॉर्ड साहेब १९०३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होऊन आले आणि १९०७ पर्यंत राहिले. आप्पाकाकांनी ज्या रस्त्यावरून रेडिओचे सुटे भाग आणले, आणि पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाला जो जुन्याच नावाने ओळखतो, तो लॅमिंग्टन रोड यांचाच. १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओड्वायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा व्यासपीठाजवळ हेही होते आणि जखमी झाले. एकाच माणसाच्या नावाने मुंबईत ट्रान्झिस्टर मिळावेत आणि इथे दोन कोटी वर्षांचा डोंगर मिळावा, हा वाटणीतला अन्याय आहे. लॅमिंग्टन नावाचा केकही इथे घरोघरी असतो: स्पंजचा चौकोन, चॉकलेटात बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. काकूंना तो आवडेल, पण ‘खोबरं भाजून का नाही घातलं’ हे विचारल्याशिवाय त्या राहणार नाहीत.

आता तुमचा खरा आक्षेप. जंगल आणि धबधबे बघायला ऑस्ट्रेलिया कशाला, आंबोली रातोरात गाठता येते! बरोबर आहे, आणि पावसाच्या शर्यतीत आंबोली इथल्या डोंगराला आरामात हरवते. स्प्रिंगब्रुकला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. सोलापूरच्या हिशेबाने मात्र ते ३,००० सुद्धा चार वर्षांचं पाणी आहे. पण फरक पावसात नाही, झाडांत आहे. स्प्रिंगब्रुकच्या माथ्यावर अंटार्क्टिक बीच नावाची झाडं आहेत. अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया जोडलेले होते त्या काळच्या गार, ओल्या जंगलांचे हे वंशज. अंटार्क्टिकात बर्फाखाली त्यांच्या भाऊबंदांचे अवशेष सापडतात. खंड उत्तरेला सरकला, हवा तापली, आणि ही मंडळी वर चढत चढत धुक्यातल्या शेंड्यावर येऊन थांबली, त्याच्यावर चढायला डोंगर नाही. जुनं खोड मरायला लागलं की त्याच्या बुडाभोवती नवे कोंब उठतात, ते मोठे होतात, मधलं कुजून जातं आणि शेवाळलेल्या खोडांचं एक कडं उरतं. ते सगळं कडं मिळून एकच झाड, आणि काहींचं वय दोन हजार वर्षांच्या पुढे मानतात. हे आंबोलीत नाही. इथल्या नॅचरल ब्रिज या ठिकाणच्या गुहेतले उजेडाचे किडेही तिथे नाहीत. राजमाची-भंडारदऱ्याचा काजवा हा उडणारा भुंगेरा, पावसाच्या तोंडावर काही आठवडे चमकून जाणारा. इथली आहे ती चिलटाच्या जातीच्या माशीची अळी. ती गुहेच्या छताला चिकटून राहते, खाली चिकट थेंबांचे बारीक रेशमी धागे सोडते आणि स्वतःच्या निळसर उजेडाला भुलून आलेल्या कीटकांना त्यात अडकवून खाते. जन्मभराचं खाणं तिने अळी असतानाच उरकायचं. पंख फुटल्यावर ती काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत संपते. म्हणजे काजवा जोडीदारासाठी उजळतो आणि ही जेवणासाठी, हे आपल्याकडच्या लग्नांना जाणाऱ्यांनाही लागू पडेल.

जळवांबद्दल काकूंनी मुळीच विचारू नये, कारण त्या आहेत. ओल्या दिवसांत पायमोज्यांच्या आत शिरतात, रक्त पितात आणि सुटतात. त्याहून वाईट म्हणजे एक मोठं झाड आहे, त्याच्या पानावर काचेसारखी लव असते आणि ती टोचली तर आग कितीतरी दिवस जात नाही. आपली खाजकुयली त्याच्यापुढे गरीब. पण पायवाट सोडली नाही तर ते लागत नाही, आणि पायवाटा उत्तम आहेत. गुडघ्यांचा प्रश्नही तिथेच सुटतो: १९३०च्या मंदीत बेकारांना काम म्हणून लॅमिंग्टनमधल्या कित्येक वाटा खणल्या, त्या इतक्या सावकाश चढतात की चढ आहे हे घाम आल्याशिवाय कळत नाही. बीचच्या झाडांपर्यंत तर गाडीतळापासून जेमतेम शतपावली. वाटेत पानांचा ढीग उकरणारी काळी, लाल डोक्याची रानकोंबडी दिसेल, ती बहुधा नर असते. हा गृहस्थ कुजणाऱ्या पाल्याचा कमरेएवढा ढीग रचतो, माद्या त्यात अंडी घालून निघून जातात, आणि हा चोच खुपसून रोज उष्णता तपासतो, वाढली तर पाला काढतो, उतरली तर घालतो. एवढं करून पिल्लं ढिगातून बाहेर येतात ती बापाकडे न बघता थेट रानात पळतात. (आप्पाकाका, यात आमच्याबद्दल काहीही सुचवायचं नाही.)

एक आक्षेप आम्हीच घेतो, कारण तो खरा आहे. राखलेला डोंगर म्हणजे कायमचा डोंगर नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये, एरवी आग लागत नाही म्हणवणाऱ्या या ओल्या जंगलाच्या कडेला वणवा पेटला आणि १९३३ पासूनचं बिना बुरा लॉज जळून गेलं. आता तिथे पुन्हा राहायची सोय आहे. म्हणजे समुद्राकाठच्या लोकांनाच काय ती डागडुजीची शिक्षा, असं नाही. तरी एक हिशेब उरतोच. नेरांग नदीवरचं हिन्झ धरण याच डोंगरांच्या पाण्यावर भरतं आणि गोल्ड कोस्ट शहर ते पितं. चाळिसाव्या मजल्यावरच्या ज्या न्हाणीघरातून समुद्र दिसतो, तिथल्या नळाला डोंगर येतो. किनाऱ्याला डोंगराचं पाणी लागतं. डोंगराला किनाऱ्याची काही गरज आहे असं अजून कुठे आढळलेलं नाही.

राहता राहिला फोटो. उंच इमारतींसमोर काढलेला फोटो शेजारी दाखवायचा असतो हे आम्ही समजू शकतो. त्यालाही उत्तर डोंगरच आहे. स्वच्छ दिवशी स्प्रिंगब्रुकच्या कड्यावरून ३२२ मीटर उंचीचा क्यू-वन मनोरा, त्याच्या शेजारची सगळी रांग आणि मागे अख्खा समुद्र एका चौकटीत मावतो. पायथ्याशी उभं राहून काढलात तर मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग आणि काकूंचा खालचा अर्धा भाग कापला जाणार, आणि दोष फोटो काढणाऱ्यावर.

तेव्हा मे महिन्यात या. तुमच्याकडचा उन्हाळा चुकेल, इकडचा उन्हाळी पाऊस सरलेला असेल आणि जळवाही मंदावतात. जूनपर्यंत लांबवलंत तर उत्तरेला निघालेले देवमासे किनाऱ्यावरून दिसू लागतात. तेवढ्यासाठी दुसरी सकाळ समुद्राला द्यायला आमची ना नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी जरूर आणा, पण विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा. लपवलेल्या पुडीचा वास इथल्या विमानतळावरच्या कुत्र्यांना येतो आणि दंड चटणीच्या किमतीत होत नाही. डोंगरात रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून दोन चादरी लागतील. त्या इकडे मिळतात तशा पातळ नकोत, चाटी गल्लीतून जाड बघून आणा, आणि जमलं तर आमच्यासाठीही दोन. मे की जून ते काकूंनी ठरवून पंधरवड्यात कळवावं, म्हणजे वरची खोली धरता येईल.

सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

आपले,
ब्रिस्बेनची मंडळी

ता. क. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कूलंगाटाचा एक रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्स घड्याळं तासभर पुढे करतं आणि क्वीन्सलँड करत नाही, १९९२ च्या सार्वमतात त्यांनी ते नाकारलं. काहीजण त्यामुळे तिथे नवं वर्ष दोनदा साजरं करतात. आप्पाकाकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र एकाच घड्याळावर ठेवाव्यात.